हेडफोन, ॲम्प्लिफायर आणि मिरजेचा भोपळा

हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर दहा-बारा हजारांच्या आत कोणता घ्यावा, हा प्रश्न अलीकडे जासई, उलवे, द्रोणागिरी भागातली तरुण मुलं हमखास विचारतात. यातली बरीच मुलं बंदराच्या आसपासच्या गोदामांत, कंटेनर यार्डांत किंवा वाहतूक कंपन्यांच्या कचेऱ्यांत काम करतात. त्यांच्यासाठी दहा हजार रुपये ही लहान रक्कम नाही. यूट्यूबवर जो-तो एकेका मॉडेलचं नाव सांगून मोकळा होतो आणि वर्षभरात ते मॉडेल बाजारातून नाहीसं होतं. म्हणून मॉडेलच्या नावांपेक्षा या वस्तूचा इतिहास समजून घेतलेला बरा. तो शंभर वर्षांचा आहे, त्यातला बराच भाग मुंबई आणि महाराष्ट्रात घडला आहे, आणि पैसे कुठे घालावेत व कुठे वाचवावेत हे तो नेमकं सांगतो.

या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ॲम्प्लिफायर म्हणजे ताकद वाढवणारं यंत्र, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा ताकदीचा नसून जुळणीचा असतो. आवाजाचा उगम आणि ऐकण्याचं साधन एकमेकांशी जुळत असेल तर फार थोडी ताकद पुरते. जुळत नसेल तर कितीही ताकद ओतली तरी गाणं बिघडलेलंच राहतं.

शिकलगारांनी सोडवलेला प्रश्न

विजेच्या कितीतरी आधी हा प्रश्न मिरजेत सोडवला गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं बनवण्याकडे वळले. तलवारींना धार लावणारे हात तंबोरे घडवू लागले. त्यांच्या वंशजांना लोक ‘सतारमेकर’ म्हणू लागले आणि आजही मिरजेत हा व्यवसाय चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांत ताणून छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नाही. तार बारीक असते, ती हवेला कापून जाते, ढकलत नाही. तीच तार घोडीवरून नेऊन पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातल्या मोठ्या भोपळ्यावर बसवली की सगळी बैठक भरून जाते. भोपळा स्वतःची एक कणभरही ताकद त्यात घालत नाही. तारेतली ताकद हवेपर्यंत पोहोचण्यात जी अडचण होती ती तो दूर करतो. तार जोरात पण कमी जागा हलवते, हवेला मात्र मोठा पृष्ठभाग हळूच हलवावा लागतो. भोपळा आणि तबली या दोघांची गाठ घालून देतात. इंग्रजीतून आलेल्या ‘इंपीडन्स मॅचिंग’ या भारदस्त शब्दांचा अर्थ एवढाच आहे. हेडफोनच्या डब्यावर ३२ ओहम, २५० ओहम, ३०० ओहम असे जे आकडे असतात, ते याच गोष्टीविषयी बोलतात.

बॅटरीविना रेडिओ

२३ जुलै १९२७ रोजी व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. प्रक्षेपकाची ताकद होती दीड किलोवॅट. रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागत असे. मध्यम बजेटवाल्या श्रोत्यापुढे तेव्हाही दोन पर्याय होते आणि ते आजच्या पर्यायांसारखेच होते.

पहिला पर्याय क्रिस्टल सेटचा. शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, तारेचं एक वेटोळं, उंच बांधलेली एरियल आणि कानाला हेडफोन. हा खडा रेडिओ लहरी पकडू शकतो याचं पेटंट जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत १९०४ मध्ये मिळालं होतं. या सेटला ना बॅटरी लागे, ना वीज. हवेतून आलेल्या लहरीत जी अत्यल्प ऊर्जा असते तेवढ्यावरच हेडफोन वाजायचा. ॲम्प्लिफायर नव्हताच.

हे शक्य होई ते हेडफोनमुळे. त्या काळचे हेडफोन दोन हजार ते चार हजार ओहमचे असत. केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे त्यात दिलेले असत, कारण क्रिस्टल सेटमधून निघणारा प्रवाह अगदी किरकोळ असे. आजचा ३२ ओहमचा हेडफोन तशा सेटला थेट लावला तर जवळपास काहीच ऐकू येणार नाही. हेडफोन वाईट म्हणून नव्हे, जुळणी नाही म्हणून.

दुसरा पर्याय व्हॉल्व्हच्या सेटचा. अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये निर्वात नळीत तिसरी जाळी घातली. त्या जाळीवरच्या क्षीण विजेने नळीतल्या मोठ्या प्रवाहाला हवं तसं वाकवता येऊ लागलं. हाच पहिला इलेक्ट्रॉनिक ॲम्प्लिफायर. त्याचं पहिलं मोठं काम संगीताचं नव्हतं, दूरवरच्या टेलिफोनच्या तारांमध्ये विरत जाणारं बोलणं पुन्हा उचलून धरण्याचं होतं. व्हॉल्व्हचा सेट घेतला की लांबची केंद्रं लागत, पुढे भोंग्यावर घरभर आवाज येई. पण सेट महाग, त्याच्या बॅटऱ्या महाग आणि नळ्या जळत त्या वेगळ्याच.

मुंबईच्या कोटापासून जासई सरळ रेषेत जेमतेम वीस किलोमीटर. खाडीपलीकडे तेव्हा भातशेती आणि मिठागरं होती. इतक्या जवळच्या अंतरावर मुंबई केंद्र ऐकायला चांगली एरियल आणि क्रिस्टल सेट पुरेसा होता. व्हॉल्व्हचा खर्च ज्याला लाहोर-कलकत्ता ऐकायचं आहे त्याच्यासाठी. १९२७ चा शहाणा ग्राहक स्वतःला जो प्रश्न विचारी तोच आजही विचारायचा आहे: मला काय ऐकायचं आहे, आणि त्याला खरोखर किती लागतं?

एकाच गवयाचे दोन आवाज

ॲम्प्लिफायरने संगीताला नेमकं काय दिलं, हे ऐकायचं असेल तर किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. उत्तरेतल्या कैरानाहून आलेला हा गवई मिरजेत स्थिरावला. मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीताचा जलसा होतो. तंबोरा सुरात लावण्यावरचा त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध होता आणि त्यांचा आवाज मुळातच हळवा, बारीक, टोकदार होता.

त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या. त्या काळी मुद्रणात वीज नव्हती. गवयाने एका भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. भोंग्याला मोठा, खणखणीत गळा मानवे. हळवा सूर, श्वास, तंबोऱ्याचा गुंजारव यातलं फारसं काही मेणापर्यंत पोहोचत नसे. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं तर जवळपास सगळंच गळून पडे.

१९२५ मध्ये विद्युत मुद्रण आलं. मायक्रोफोनने आवाज टिपायचा, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने तो वाढवायचा आणि मग कोरायचा. पाच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मुद्रित होऊ लागला. खाँसाहेबांनी १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी जी मुद्रणं केली ती या तंत्रावरची. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं, त्याच्या अगोदरची ही काही वर्षं. या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा स्वर ज्या बारकाईने ऐकू येतो, त्याला गळ्याइतकाच तो ॲम्प्लिफायरही कारण आहे.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या ॲम्प्लिफायरने खाँसाहेबांना मोठा आवाज दिला नाही. उलट, मोठा आवाज काढण्याच्या सक्तीतून त्यांना सोडवलं. हळू गायलेलं हळूच राहिलं आणि तरीही पोहोचलं. चांगल्या ॲम्प्लिफायरची माझ्या मते हीच व्याख्या आहे. तो लावला की आवाज वाढवावासा वाटण्याऐवजी कमी ठेवावासा वाटला पाहिजे.

परवाना, टू-इन-वन आणि लॅमिंग्टन रोड

स्वातंत्र्यानंतरची चार दशकं आपल्याकडे निवड करायला फारसा वावच नव्हता. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी किंवा तसाच एखादा रेडिओ घरात येई. त्याचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे, दरवर्षी पुस्तकावर तिकीट लावून घ्यावं लागे. १९८० च्या दशकात तो परवाना सुटला. परदेशी ध्वनियंत्रांवर जबर आयातशुल्क असे, त्यामुळे ती हौस श्रीमंतांची तरी किंवा चोरट्या मालाची तरी. मुंबईत मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट ही नावं त्यासाठी प्रसिद्ध होती.

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत मात्र एक वेगळा मार्ग होता. १९७० च्या दशकापासून रायगड-रत्नागिरीतली तरुण मुलं कुवेत, दुबई, सौदीला नोकरीला जाऊ लागली. सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात टू-इन-वन असे, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र. ओटीवर ठेवलेल्या त्या यंत्रावर कव्वाली वाजे, मेहदी हसन आणि गुलाम अलींची गझल वाजे, आणि शेजारच्या घरांनाही ती ऐकू जाई. घरात एकच यंत्र असे, म्हणून ऐकणं सामुदायिक असे. कोणी एकट्याने, कानाला लावून ऐकावं ही कल्पनाच तेव्हा जरा परकी होती.

ज्यांच्या घरी आखातातून कोणी येणारं नव्हतं त्यांच्यासाठी लॅमिंग्टन रोड होता. आज त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर सुटे विकत मिळत. ते आणून, सर्किट जोडून, लाकडी खोक्यात बसवून स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवणारी माणसं मुंबई-ठाण्यात पुष्कळ होती. यंत्राच्या आत काय आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला दुकानदार सहजासहजी फसवू शकत नाही. ती पिढी आता कमी झाली. आजच्या ग्राहकाची अडचण पैशांपेक्षा या तुटलेल्या ओळखीची जास्त आहे.

वॉकमनने बदललेला हिशेब

हेडफोन मुळात टेलिफोन ऑपरेटर आणि बिनतारी संदेशवाहकांचं हत्यार. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हलका हेडफोन काढला, त्याचा इंपीडन्स दोन हजार ओहम होता. घरातली यंत्रं भिंतीतल्या विजेवर चालत, त्यांच्याकडे व्होल्टेज भरपूर असे, म्हणून जास्त ओहमचे हेडफोन चालून जात.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला आणि हा हिशेब उलटा झाला. दोन पेन्सिल सेल म्हणजे तीन व्होल्ट. एवढ्या कमी दाबावर पुरेसा आवाज काढायचा तर हेडफोनचा विरोध कमी असायला हवा. त्यातून तीस-बत्तीस ओहमच्या आसपासचे हेडफोन सर्वसामान्य झाले आणि मोबाईलच्या काळातही तेच टिकले. स्टुडिओत मात्र जुनी रीत चालू राहिली. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० आजही २५० आणि ६०० ओहममध्ये ओळखला जातो. सेनहायझरचा १९९७ चा एचडी ६०० हा ३०० ओहमचा.

म्हणजे जगात हेडफोनची दोन कुळं झाली, एक सेलवर चालणाऱ्यांचं आणि दुसरं विजेवर चालणाऱ्यांचं. वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज मुख्यतः तेव्हा निर्माण झाली, जेव्हा दुसऱ्या कुळातला हेडफोन कोणीतरी पहिल्या कुळातल्या यंत्राला लावला.

ही गाठ घालण्याचं स्वस्त काम आधी हौशी लोकांनी केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चू मोय यांनी एका छोट्या ॲम्प्लिफायरचा नकाशा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसे आणि नऊ व्होल्टच्या सेलवर चाले. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओटू नावाचा ॲम्प्लिफायर मोजमापांसह प्रसिद्ध केला. तो कोणीही बनवावा, विकावा, फक्त रचना बदलू नये, एवढीच अट. साध्या, सहज मिळणाऱ्या चिपा वापरून महागड्या यंत्रांच्या तोडीची मोजमापं मिळतात हे त्याने दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला, तो कोण होता हे आजही उघड झालेलं नाही. पण त्यानंतर स्वस्त ॲम्प्लिफायरला हसण्याची सोय राहिली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या जेडीएस लॅब्जने ९९ डॉलरला विकलेला ॲटम त्याच वाटेवरचा. चीनच्या ग्वांगझू शहरातल्या फियो, टॉपिंग यांसारख्या कंपन्यांनी हे मोजमापांचं गणित आणखी स्वस्त केलं.

न्हावा-शेवाची वाट

चीनमधून निघालेला असा माल समुद्रमार्गे पश्चिम भारतात येतो तेव्हा तो बहुधा न्हावा-शेवाला उतरतो. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. देशातल्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार हे एक बंदर उचलतं. त्याचे ट्रेलर दास्तान फाट्यावरून, जासईच्या अंगावरून जातात.

ही वाट फुकट तयार झालेली नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरण भागातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात गेल्या. भावासाठी शेतकरी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी इथे पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी मारले गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. जासईच्या तरुणाने एखाद्या वस्तूची किंमत करताना काटेकोर असावं, असं मला वाटतं त्याला हाही एक संदर्भ आहे. या गावाने भावाच्या प्रश्नावर मोठी किंमत मोजली आहे.

या वाटेचा आपल्या विषयाशी आणखी एक थेट संबंध आहे, तो म्हणजे गोंगाट. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्याने घातली आहे. ट्रेलरच्या रस्त्याकडेला आवाज सहज पंचाहत्तर-ऐंशीवर जातो. अशा ठिकाणी उघड्या पाठीचा ३०० ओहमचा हेडफोन आणि त्याला साजेसा ॲम्प्लिफायर घेणं म्हणजे पावसात छत्रीऐवजी झुंबर विकत घेण्यासारखं आहे. ज्याचं घर रस्त्याला लागून आहे त्याने ॲम्प्लिफायरच्या आधी बंद पाठीचा हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारा रबरी टोकाचा इअरफोन घ्यावा. बाहेरचा आवाज वीस डेसिबलने कमी झाला तर तो फायदा कोणत्याही ॲम्प्लिफायरपेक्षा मोठा आहे.

दोन मिनिटांचं गणित

आता प्रत्यक्ष हिशेब. व्होल्टेजचा वर्ग करायचा, त्याला ओहमने भागायचं, की वॅट मिळतात. मोबाईलला लावायचा साधा यूएसबी-सी डोंगल साधारण एक व्होल्ट देतो. एक व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ३१ मिलिवॅट पोहोचवतो आणि ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये फक्त ३.३ मिलिवॅट.

हेडफोनच्या कागदावर दुसरा आकडा असतो संवेदनशीलतेचा. समजा ३२ ओहमचा हेडफोन एका मिलिवॅटला १०० डेसिबल देतो. मग हजार रुपयांच्या डोंगलवर तो ११५ डेसिबलपर्यंत जाईल, म्हणजे कान फुटेल इतका. त्याला ॲम्प्लिफायरची गरज नाही. ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला १०० डेसिबल देत असेल तर डोंगलवर तो शिखराला १०० पर्यंत जातो. फिल्मी गाण्यांना ते भरपूर झालं. ख्यालाच्या विलंबित मुद्रणात सरासरी आवाज शिखरापेक्षा वीस-पंचवीस डेसिबलने खाली असतो, तिथे थोडी कुमक लागेल. ११० डेसिबलचं शिखर गाठायला ३.२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३३ मिलिवॅट पुरतात. तिसरा प्रकार पातळ पडद्याच्या प्लॅनर हेडफोनचा. एका मिलिवॅटला ९० डेसिबल देणाऱ्या, ३२ ओहमच्या प्लॅनरला तेवढ्याच शिखरासाठी १०० मिलिवॅट लागतात. वेगळ्या ॲम्प्लिफायरचं खरं गिऱ्हाईक हेच.

जाहिरातीत ‘दोन हजार मिलिवॅट’ लिहिलेलं असतं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की ताकद दुप्पट झाली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते.

दुसरी गोष्ट जुळणीची, म्हणजे पुन्हा भोपळ्याची. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा जो आउटपुट इंपीडन्स असतो तो हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला चार ओहमच्या खाली. हे का, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. अनेक हेडफोनचा विरोध खर्जात वाढतो, समजा ३२ चा ८० होतो. ॲम्प्लिफायरचा विरोध १२० ओहम असेल तर खर्ज सुमारे साडेपाच डेसिबलने फुगतो. तबला ढोलासारखा वाजू लागतो. तोच विरोध दोन ओहम असेल तर फरक डेसिबलच्या एक तृतीयांशाइतकाही नसतो.

चोरबाजारात किंवा ओळखीतून १९७०-८० च्या काळातले स्टिरिओ ॲम्प्लिफायर मिळतात. त्यांच्या हेडफोनच्या छिद्रामागे बहुधा शंभर ते काहीशे ओहमचा रेझिस्टर असतो. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनला ती स्वस्त आणि उत्तम जोडी आहे. ३२ ओहमवाल्याने मात्र त्या मोहात पडू नये.

दहा हजारांत काय करावं

ज्याचा हेडफोन ब्लूटूथचा आहे त्याने या खर्चात पडूच नये. त्याचा ॲम्प्लिफायर हेडफोनच्या आतच बसवलेला असतो. तारेचा हेडफोन असेल तर बहुतेक रक्कम आधी हेडफोनवर घालावी, कारण दोन हेडफोनांच्या आवाजात जो फरक असतो तो दोन चांगल्या ॲम्प्लिफायरांत कधीच नसतो. मग हजारभर रुपयांचा डोंगल लावून महिनाभर ऐकावं. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत नेऊनही कमी पडत असेल, किंवा शांत जागी मागे सर्रर आवाज येत असेल, तरच पुढे जावं. पुढे जाताना डब्यावरची कमाल ताकद बघू नये. आपल्या हेडफोनच्या ओहमला किती व्होल्ट मिळतात, आउटपुट इंपीडन्स किती, कमी-जास्त गेनचं बटण आहे का आणि नापसंत पडल्यास परत घेतात का, हे चार प्रश्न विचारावेत. व्हॉल्व्ह बसवलेली स्वस्त यंत्रं दिसायला सुंदर असतात, पण त्यांतल्या अनेकांत खरं काम चिपच करते आणि नळी शोभेला उजळते.

दुकानात दोन यंत्रं ऐकताना एक सापळा असतो. जे यंत्र किंचित मोठं वाजतं ते कानाला ‘अधिक स्पष्ट’ वाटतं. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने स्वस्त आणि अतिशय महाग ॲम्प्लिफायर समान आवाजावर, नाव न सांगता लोकांना ऐकवले. श्रोत्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. ही परीक्षा घरीही करता येते. हेडफोन जोडलेला असताना शंभर हर्ट्झचा सूर वाजवावा, साध्या मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचं व्होल्टेज सारखं करून घ्यावं आणि मित्राला न सांगता अदलाबदल करायला लावावी. मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो आणि कधीकधी काही हजार वाचवतो.

कान एकदाच मिळतात

शेवटी ज्यासाठी हे सगळं करायचं त्या कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलवर ही मुदत आठवड्याला चार तासांवर येते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि अपाय होताना दुखत नाही. जो मुलगा आठ तास यार्डात क्रेनच्या आणि ट्रेलरच्या आवाजात काम करतो, त्याच्या कानांचा त्या दिवसाचा कोटा घरी येईपर्यंत बराचसा संपलेला असतो. त्याच्या हाती दोन वॅटचं यंत्र देऊन ‘आता खरं ऐक’ म्हणणं हा सल्ला नव्हे. त्याला हवी आहे ती शांतता आणि कमी आवाजातही भरून येणारं गाणं. बंद हेडफोन, नीट जुळलेलं साधं यंत्र आणि अर्ध्यावर ठेवलेला आवाज यांतून ते मिळतं.

शिकलगारांनी ताकद न वाढवता सूर पोहोचवला, बिनबॅटरीच्या खड्याने मुंबई ऐकवली, मायक्रोफोनमुळे एका हळव्या गळ्याला ओरडावं लागलं नाही. या सगळ्यांनी कमी ताकदीत जास्त ऐकवलं. दहा हजार रुपये खर्च करताना हाच कस लावावा. उरलेल्या पैशांत एकदा मिरजेला जाऊन यावं आणि सतारमेकरांच्या दुकानात नव्याने जवारी लावलेला तंबोरा ऐकावा. चांगला आवाज म्हणजे काय हे एकदा कानात बसलं की यंत्राची निवड सोपी होते.